मारेनबाईंची डावी बाजू

मस्कतचे डोंगर विमानाच्या खिडकीतून पहिल्यांदा दिसले तेव्हा वाटलं, इथे काहीतरी मोठं जळून गेलंय. काळपट, धारदार, एकही झाड नसलेले डोंगर थेट समुद्रात उतरले होते. मी वसईची. केळीच्या वाड्या, विहिरी आणि पानवेलींमध्ये वाढलेली. आमच्या शाळेत मुलांना डोंगर काढायला सांगितला की ती आधी हिरवा खडू उचलतात. चित्रकलेची शिक्षिका म्हणून मला पहिला प्रश्न पडला तो हा, की इथली मुलं कुठला खडू उचलत असतील. एवढ्यात विमान त्या सुळक्यांवरून कलतं झालं आणि मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला. तीही माझ्यासारखीच पहिल्यांदा निघालेली होती. चाकं जमिनीला टेकेपर्यंत आम्ही दोघींनी हात सोडले नाहीत.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती आणि माझा धाकटा भाऊ विल्सन बरीच वर्षं बोलावत होता. तो मस्कतमधल्या एका हॉटेलात बेकरी सांभाळायचा. रुवीत दोन खोल्यांचं घर, बायको रिटा आणि मुलगी शेरल. शेरल माझ्याशी मराठीत बोलायची ती एकेक शब्द चाचपत. ‘आत्या, तुला एसी… थंडी होते का?’ असं विचारून आईकडे बघायची, बरोबर आलं का म्हणून. विल्सनने विमानतळावरून घरी येईपर्यंत मला सूचना देऊन ठेवल्या. दुपारी बाहेर पडायचं नाही, पाण्याची बाटली सोडायची नाही, एकटीने लांब जायचं नाही. सांगताना त्याचा आवाज थेट आमच्या पप्पांसारखा झाला होता.

पहिले काही दिवस मी खरोखरच घाबरून घरात बसले. बाहेरचं ऊन आपल्याकडच्या उन्हासारखं वरून पडत नव्हतं, चहूबाजूंनी अंगावर येत होतं. संध्याकाळी रिटा मला मत्रहच्या सूकमध्ये (जुन्या झाकलेल्या बाजारात) घेऊन गेली. लोबान (धूप करायचा सुगंधी डिंक), सुकी लिंबं, चांदीचे खंजीर, आणि गल्ल्यावर बसलेले कच्छी व्यापारी, ज्यांच्या पणजोबांपासून दुकानं इथेच आहेत. एकाने मला हिंदीत विचारलं की बंबईची का. वसई म्हटल्यावर तो म्हणाला, तुमच्याकडची सुकी केळी आमच्या आजोबांच्या काळी इथे यायची. तेवढ्या बोलण्याने मला जरा धीर आला.

विल्सनच्या हॉटेलच्या दर्शनी दालनात तीन मोठी तैलचित्रं होती. तिन्हींत एकाच बाईचा चेहरा होता, म्हातारी होत गेलेली एक गोरी बाई. मी बराच वेळ समोर उभी राहिले. विल्सनने सांगितलं, त्या मारेनबाई. डेन्मार्कच्या चित्रकार. नवरा इंजिनिअर, आधी आतल्या गावांकडे विहिरींच्या आणि मग मत्रहच्या बंदराच्या कामावर होता, तो वारला, तरी त्या इथेच राहिल्या. दर गुरुवारी कॉफीला येतात आणि त्यांच्यासाठी तो त्यांच्या देशातला काळा, जड, राय नावाच्या धान्याचा पाव भाजतो. पाव कसा करायचा हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

त्या गुरुवारी माझी ओळख झाली. मारेनबाई सत्तरीच्या जवळ आलेल्या, खूप उंच, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, बोटांच्या पेरांत रंग. मी पुढे केलेला हात त्यांच्या ध्यानात आला नाही. मग एकदम मान वळवून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. बसताना त्यांच्या डाव्या कोपराने टेबलावरचा पेला खाली पाडला आणि त्या स्वतःवरच हसल्या. विल्सनने त्यांना माझ्याबद्दल आधीच सांगितलं होतं. मी काय शिकवते, स्वतः काय काढते, असं त्यांनी सावकाश इंग्रजीत नीट विचारलं. वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काढते म्हणाले, पण फक्त सुट्टीत. त्या म्हणाल्या, आता सुट्टीच आहे, घरी ये.

त्यांचं घर मत्रहच्या बंदरामागच्या चढावर होतं. अरुंद, दुमजली, चुन्याने पांढरं केलेलं. जिन्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत त्यांनी स्वतःची स्वतः काढलेली चित्रं लावली होती, तरुणपणापासून आजपर्यंतची. त्यांचं नाव झालं ते याच चित्रांमुळे. पहिल्या पायरीशी कोपनहेगनमधल्या विद्यार्थिदशेतलं चित्र होतं. केसांची जाड वेणी घातलेली मुलगी, मागे शेगडी, वाळत टाकलेले मोजे, कुणाचे तरी बूट, खिडकीबाहेर जहाजांच्या डोलकाठ्या. एवढी गर्दी की मुलगी त्यात जेमतेम मावली होती. त्या काळी, त्यांनी सांगितलं, तिकडचे लोक म्हणायचे की ही बाई चित्र काढत नाही, सामानाची मांडणी करते. चित्रं विकली जायची नाहीत. नवऱ्याच्या पगारावर रंग यायचे.

एकेक पायरी वर गेलं की सामान कमी होत होतं. आधी खिडकी गेली, मग टेबल, मग खुर्चीची पाठ. सगळ्यात वर, त्यांच्या कामाच्या खोलीच्या दाराशी, नुसता चेहरा होता आणि भोवती काळोख. तो काळोख साधा नव्हता. त्यात तपकिरी आणि निळा एकमेकांत मुरवलेले होते, आणि चेहरा त्यातून अशा निग्रहाने बघत होता की मला नजर खाली घ्यावीशी वाटली. हीच चित्रं गाजली. डेन्मार्कच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, की या चित्रकर्तीने जग बाजूला सारून फक्त सत्य ठेवलं आहे. आता तिकडचं एक संग्रहालय त्यांच्या सगळ्या आत्मचित्रांचं प्रदर्शन भरवणार होतं.

त्यातलं एक चित्र मात्र जिन्यावर नव्हतं. ओमानमध्ये आल्या आल्या काढलेलं ते चित्र त्यांनी इब्रीजवळच्या एका गावातल्या सलीमा नावाच्या बाईला दिलं होतं. तेव्हा त्यांचा नवरा त्या भागात विहिरींच्या कामावर होता आणि त्या सलीमाच्या घरी काही महिने राहिल्या होत्या. ते चित्र प्रदर्शनापुरतं मागून आणायचं होतं. मारेनबाई स्वतः गाडी चालवणार होत्या. सोबत कुणी असावं म्हणून त्यांनी मला विचारलं.

विल्सनला ते मुळीच आवडलं नाही. तो म्हणाला, ‘बाय, ती बाई चांगली आहे, पण गाडी वाईट चालवते. सगळ्या मस्कतला माहीत आहे.’ मला भीती वाटत होती. पण एका चित्रकाराने मला चित्र बघायला चल म्हणावं, हे आयुष्यात पुन्हा होणार नव्हतं. मी जाते म्हणाले.

पहाटे निघालो. त्यांची जुनी, उंच, धूळभरली गाडी. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे समोरून येणारं प्रत्येक वाहन मारेनबाईंच्या बाजूने अंगावर यायचं. सुमाइलच्या खिंडीतून रस्ता वर चढला. दोन्हीकडे तेच जळके डोंगर, मधूनच खजुरांचा हिरवा पुंजका, पुन्हा डोंगर. सुरुवातीला मी देखावा बघत होते. निझव्याच्या अलीकडे एका गोल चौकात मारेनबाई न थांबताच शिरल्या आणि डावीकडून येणारा टँकर करकचून ब्रेक लावत आमच्या दाराशी थांबला. हॉर्नचा आवाज कानात बसला. मारेनबाई म्हणाल्या, लोक फार वेगाने चालवतात. पुढे एकदा रस्त्याच्या मधल्या रेषेवरून गाडी हळूहळू पलीकडे सरकली आणि समोरच्या ट्रकने दिवे मारले तेव्हा परत आली. त्यानंतर मी देखावा बघितला नाही. मी रस्ता बघितला. तळहात घामाने इतके ओले झाले की दाराची कडी धरवेना.

इब्रीत पेट्रोलसाठी थांबलो. पंपासमोरच्या किराणा दुकानात रत्नागिरीकडचे एक गृहस्थ होते. माझी साडी बघून थेट मराठीत म्हणाले, ‘एवढ्या उन्हात कुठे निघालात?’ गावाचं नाव सांगितल्यावर त्यांनी डोंगराकडे बोट केलं. वर ढग जमतायत, संध्याकाळच्या आत परत या, म्हणाले. त्यांनी थंडगार ताकाच्या दोन बाटल्या हातात ठेवल्या. मला क्षणभर वाटलं, इथेच उतरावं, विल्सनला फोन करावा. पण मारेनबाई गाडीत बसून वाट बघत होत्या, आणि काय सांगणार होते मी त्यांना? त्यांना चालवता येत नाही असं?

गावाकडे डांबरी रस्ता नव्हता. खडीच्या वाटेने जाताना मध्ये एक रुंद वादी (डोंगरातून येणारी, एरवी कोरडी असणारी नदी) लागली. पांढरे गोटे आणि काटेरी झाडं. ती ओलांडून पलीकडे चढलो की खजुराची बाग आणि मातीच्या घरांचा पुंजका होता. बागेतून फलज (डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट) खळखळत होता. त्यात पाय बुडवले तेव्हा कुठे माझा श्वास जाग्यावर आला.

सलीमा दारातच उभी होती. मारेनबाईंच्याच वयाची, ठेंगणी, नाकावर उन्हाने पडलेले डाग. दोघींनी एकमेकींची डोकी धरून कपाळाला कपाळ लावलं आणि दोघी रडल्या. मुलगा हमद इब्रीच्या एका कार्यालयात काम करायचा. त्या दिवशी घरी होता आणि दुकानदारांकडून शिकलेली त्याची हिंदी चांगली होती. त्याच्या तोंडून मला सगळं बोलणं कळत होतं. जमिनीवर बसून खजूर खाल्ले, वेलचीचा कहवा (बिनदुधाची कडवट कॉफी) प्यायलो. कप परत भरू नये म्हणून तो हलवून दाखवायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. माझा कप भरतच राहिला आणि बायका हसत राहिल्या.

मग सलीमाने आतल्या खोलीतून चित्र आणलं. जुन्या शालीत गुंडाळलेलं, लोबानाचा वास लागलेलं. घरात चेहऱ्याचं चित्र भिंतीवर लावत नाहीत, पण तिने ते इतकी वर्षं पेटीत जपलं होतं. शाल काढली आणि मी पुढे सरकले.

तिशी ओलांडलेली मारेन त्यात याच खोलीत बसली होती. मागे कोरीव दार, दारात शेळी, कोनाड्यात तांब्याची भांडी, उन्हाचा एक पट्टा, दोरीवर वाळणारी हिरवी ओढणी. आणि अगदी डाव्या कडेला, अर्धवट चौकटीबाहेर गेलेली, हातात कहव्याचं भांडं धरलेली तरुण सलीमा. अख्ख्या चित्रात सगळ्यात जिवंत तीच होती.

सलीमाने विचारलं, मी तेव्हा किती बारीक होते, बघितलंस का?

मारेनबाईंनी चित्र दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ आणलं होतं. त्या हसत म्हणाल्या, ‘तू कुठे आहेस? तुला मी काढलंच नव्हतं.’

सगळे हसले. हमदला वाटलं, थट्टा करतायत. सलीमाने त्यांच्या खांद्यावर चापट मारली. मी मारेनबाईंच्या डोळ्यांकडे बघत होते. ते चित्रावर फिरत होते, पण डाव्या कडेपर्यंत पोचायच्या आत परत फिरत होते, जणू चित्र तिथेच संपत होतं. मग त्यांनी मान बरीच वळवली, आणि एकदम थबकल्या. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण खालून काहीतरी निघून गेलं. त्या म्हणाल्या, हो, हो, आहेस की.

हे मी आधी बघितलं होतं. माझ्या आयचं असंच झालं होतं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, ताटाच्या एका बाजूचं कालवण तसंच राहायचं. आम्ही म्हणायचो, आय वेंधळी झाली. डॉक्टरकडे नेलं तेव्हा काचबिंदूने दोन्ही डोळ्यांच्या कडा खाऊन टाकल्या होत्या, आणि शेवटच्या वर्षांत ती आमचे चेहरे बोटांनी चाचपून ओळखायची. मला मत्रहचा तो जिना आठवला. आधी खिडकी गेली, मग टेबल, मग खुर्चीची पाठ. जग बाजूला सारलं, असं लोक म्हणत होते.

आणि या बाईशेजारी बसून मला परत जायचं होतं.

हमदला विचारावं, मस्कतपर्यंत गाडी तू चालव म्हणून, असं ठरवून मी बाहेर आले, तर जेवण होताच तो शेजाऱ्याच्या गाडीने इब्रीला निघून गेला होता. बाकीच्या बायकांना हिंदी येत नव्हती. मारेनबाई चित्र गाडीत मागे ठेवून, चादरीने बांधून तयार होत्या. डोंगरावर काळे ढग उभे होते, पण आमच्या डोक्यावर निळं आभाळ होतं. मी म्हणाले, आज राहू या का? त्या म्हणाल्या, ढग तिकडे आहेत, आपल्याला इकडे जायचंय. त्यांचा आवाज तुटक होता. मी अजून काही बोलले असते तर त्या काय बोलल्या असत्या, याची मला भीती वाटली, आणि मी गाडीत बसले.

बागेच्या वाटेवर मी हळूच म्हणाले, डावीकडे शेळी आहे. त्या म्हणाल्या, मला दिसतंय. थोड्या वेळाने म्हणाले, डावीकडे भिंत जवळ आलीय. त्यांनी गाडी उजवीकडे घेतली. आरसा भिंतीला घासून गेलाच.

वादीत उतरलो तेव्हा वारा पडला होता. गोट्यांवरून गाडी हेलकावत मध्यापर्यंत गेली. आधी मला वास आला, ओल्या मातीचा, आपल्याकडच्यासारखाच. मग एक आवाज, खडीवरून भरलेला ट्रक यावा तसा. मी डावीकडे बघितलं. दूर वळणावर शेळ्या काठावर उड्या मारत पळत होत्या, आणि त्यांच्या खाली तपकिरी पाणी येत होतं. पुढे पातळ जीभ, त्यावर काटक्या आणि फेस. मागे अंगभर उंच, गढूळ, झाडं उपटून आणणारं. मारेनबाई समोर बघत, शांतपणे पुढे चालवत होत्या. पाणी त्यांच्या खिडकीच्या बाजूने येत होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

मी म्हणाले, ‘थांबा. पाणी आलंय. मागे घ्या.’

‘कुठे?’

‘तुमच्या डावीकडे.’

त्यांनी मान पूर्ण वळवली. बघितलं. त्यांचा चेहरा माझ्याकडे फिरला तेव्हा तो त्या जिन्यावरच्या एकाही चित्रातला नव्हता. तोंड अर्धवट उघडं, डोळे एखाद्या लहान मुलाचे. पाय क्लचवरून सुटला आणि इंजिन बंद पडलं.

त्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी खोकली, पुन्हा फिरवली. मी सीटवर गुडघे टेकून मागे तोंड केलं आणि रस्ता सांगू लागले, कारण मागे वळून दोन्ही बाजू बघणं त्यांना शक्यच नव्हतं. सरळ. माझ्या बाजूला थोडं. बस. मोठा दगड आहे, तुमच्या बाजूला घ्या. सरळ. मी शाळेत फळ्यासमोर बोलते त्याच आवाजात बोलत होते आणि मनातल्या मनात ‘नमो मारिये’ची प्रार्थना चालू होती. पाण्याची पहिली जीभ चाकांना लागली. मग गाडीचं तोंड आपोआप बाजूला सरकलं, जणू कुणी खांद्याने ढकललं. पत्र्यावर काहीतरी आदळलं. मी ओरडले की पाय काढू नका, आणि मागची चाकं काठाच्या खडीत रुतली, घसरली, धरली, आणि आम्ही उलट्याच वर चढलो.

काही वेळातच आम्ही मघाशी होतो तिथूनच एक आख्खं बाभळीचं झाड मुळांसकट वाहत गेलं.

आम्ही गाडीतून उतरून काठावर बसलो. पाणी इतकं गर्जत होतं की एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. मारेनबाई म्हणाल्या, ‘मी तुला मारलं असतं.’

मी मान डोलावली. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

मग त्या बोलल्या. बरीच वर्षं त्यांना संशय होता. समोरचं स्पष्ट दिसायचं, वाचता यायचं, त्यामुळे मनाची समजूत घालता यायची. डॉक्टरकडे गेल्या नाहीत, कारण डॉक्टर काय सांगणार ते ठाऊक होतं. आधी गाडी जाईल, मग एकटीने राहणं जाईल. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती.

‘लोकांनी लिहिलं, मी जग बाजूला सारलं. मलाही ते खरं वाटायचं. खूप छान वाटायचं. आज सलीमा दिसली नाही तेव्हा कळलं, मी काही सारलं नव्हतं, मला ते दिसतच नव्हतं. हे कुणाला कळलं तर माझ्या चित्रांचं काय उरेल? एका आजारी बाईची चित्रं.’

मला मोठमोठं बोलता येत नाही. मी त्यांना माझ्या आयबद्दल सांगितलं. ती शेवटी आमचे चेहरे कसे चाचपायची, आणि माझ्या कपाळावर बोटं फिरवून एकदा म्हणाली होती, की डॉक्टर म्हणाले तेच खरं, दोन वर्षं आधी आले असते तर तुला बघत गेले असते. मी मारेनबाईंना म्हणाले, ‘चित्रांचं काय उरेल ते मला कळत नाही. पण तुमच्या डोळ्यांत अजून जे उरलंय ते जाऊ देऊ नका.’

त्यांनी माझा हात धरला आणि पाणी ओसरू लागेपर्यंत सोडला नाही. मग गावातून माणसं आली. त्यांच्या मागून सलीमा काठी टेकत आली. तिने गाडीकडे, पाण्याकडे आणि आमच्याकडे बघितलं, आणि दोघींना हाताला धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी हमद इब्रीहून परत आला आणि त्याने गाडी मस्कतला आणली. मारेनबाई मागे बसल्या होत्या, मांडीवर चित्र आडवं धरून. वाटेत त्या अधूनमधून मान वळवून, मुद्दाम, डावीकडचं एकेक बघत होत्या.

विल्सनने दार उघडलं. गावात फोन नव्हता, आमची काही खबर न मिळाल्याने रात्र त्याने जागून काढली होती. त्याने मला जवळ घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. रिटाने दोघांनाही खाली बसवलं.

पुढच्या आठवड्यात मी मारेनबाईंबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्याची नाकाकडची बाजू गेली होती, बाकीचा औषधांनी आणि एका शस्त्रक्रियेने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. टिकेल, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मारेनबाईंनी त्यांना तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

माझे शेवटचे दिवस मत्रहच्या त्या खोलीत गेले. मारेनबाईंनी आरसा लावला आणि नवीन चित्र सुरू केलं. मी रंग कालवून देत होते, ब्रश धूत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, मी काही सुचवलं नाही. जिन्यावरच्या सगळ्या चित्रांत त्यांचा चेहरा निग्रही होता. या वेळी चेहरा पुढे आला तो अर्धवट उघड्या तोंडाचा, लहान मुलाच्या डोळ्यांचा. ब्रश खाली ठेवून त्या म्हणाल्या, ‘आरशासमोर बसताना मी आधी चेहरा नीट करायचे. प्रत्येक वेळी. मग काढायचे.’ आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. डाव्या बाजूला त्यांनी काळोख भरला नाही. कॅनव्हास तसाच कोरा ठेवला.

परतीच्या विमानात मला खिडकीची जागा मिळाली. खाली तेच डोंगर होते. जाताना जितके वाटले होते तितके काळे ते नव्हते. त्यांत जांभळा होता, तांबूस होता, एका घळीत चक्क हिरवा होता. पण भीती काही गेली नव्हती. ती आता डोंगरांची उरली नव्हती, एवढंच.

काही महिन्यांनी विल्सनने फोनवर सांगितलं, की मारेनबाईंनी संग्रहालयाला डोळ्यांबद्दल स्वतःहून कळवलं, आणि प्रदर्शन ठरल्याप्रमाणे भरलं. एका समीक्षकाने लिहिलं, की शेवटची चित्रं आता तेवढी मोठी वाटत नाहीत. दुसऱ्याने लिहिलं, की आता त्यांच्यासमोर उभं राहवत नाही. मारेनबाईंनी दोन्ही कात्रणं भिंतीला लावली होती. गाडी विकून टाकली होती.

आणि मी? काचबिंदू आईकडून मुलांकडे येऊ शकतो, हे मला आय होती तेव्हापासून माहीत होतं. तरी कधी तपासून घेतलं नव्हतं. वसईला परतल्यावर शाळा सुरू व्हायच्या आधी मी गेले. अंधाऱ्या यंत्रात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. मी दाबत होते, आणि सगळा वेळ मनात एकच येत होतं, की जे दिवे दिसले नाहीत ते मला कधीच कळणार नाहीत. वादीतसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. डाव्या डोळ्यात सुरुवात होती. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रोज औषधाचे थेंब घालते.

वर्गात मी आता वर्षातून एकदा मुलांना स्वतःचं चित्र काढायला लावते. घरून आरसा आणायला सांगते. चित्र झालं की ते माझ्याकडे आणायचं नाही, आधी शेजारच्याला दाखवून विचारायचं, की माझ्यातलं काय राहिलं. मुलं सुरुवातीला लाजतात, एकमेकांना कोपरं मारतात. मग हळूच वही सरकवतात आणि विचारतात.